बटणावर उपडा पडलेला साका

मी साका बोलतोय. हाड बोलतंय म्हणून दचकू नका. पडद्यावरच्या निळ्या बाईशी तासन्‌तास बोलणारा बाप्या मी रोज बघतो, त्याला कुणी दचकत नाही. मग मी दोन शब्द बोललो तर कुणाचं काय बिघडलं?

मी रानमेंढ्याच्या मागच्या पायातलं, घोट्याचं हाड. पाळीव मेंढीच्या घोट्याची हाडं आमच्या नारिनकोल गावात घराघरांत डबा भरून सापडतील. ती रिंगणात ओळीने मांडायची, आणि लांबून माझ्यासारखा एखादा फेकून ती उडवायची. मांडतात ते असिक, आणि उडवतो तो साका. म्हणजे त्यांच्यात नि माझ्यात फरक काय, ते समजलं असेल.

नुसिपबेक नऊ वर्षांचा होता तेव्हा त्याच्या बापाने मला कांद्याच्या सालीच्या पाण्यात उकळून लाल केलं, पोटात भोक पाडलं आणि त्यात शिसं वितळवून ओतलं. त्या दिवसापासून मला वजन आलं, आणि खरं सांगायचं तर गर्वही आला. पासष्ट वर्षं मी नुसिपबेकच्या खिशात राहिलो. सरकारी कळपावर तो घोडे राखायचा, आणि सणासुदीला गावोगावच्या रिंगणांत मला फेकायचा. त्याचा हात बसला की समोरच्या ओळीची दाणादाण उडायची, आणि लोक ओरडायचे, "अल्शी! अल्शी!"

अल्शी म्हणजे माझी चौथी बाजू. पहिल्या तीन बाजूंबद्दल बोलण्यासारखं काही नाही. अरुंद कुशीवर ताठ उभा राहिलो की मी अल्शी, आणि अल्शी पडलो की डाव आपला. म्हणून आमच्या गावात कुणाच्या घरी साका उपडा पडलेला दिसला, तर येणारा माणूस आधी त्याला उचलून अल्शी उभा करतो आणि मगच चहाला टेकतो. त्या घराचं भलं होवो, एवढाच त्याचा अर्थ. हे कुणी कुणाला शिकवत नाही, हात आपोआप जातो.

आता या घराण्याच्या पुढच्या पिढीकडे वळू. इलाज नाही.

नुसिपबेकचा मुलगा कुआंदिक. वय छत्तीस, वजन नव्वद किलो, घाटात बर्फ हटवायचं यंत्र चालवतो. काम चांगलं, माणूसही वाईट नाही, पण डोक्यात एक किडा शिरला. कुठल्याशा मित्राने त्याला सांगितलं, की कॉम्प्युटरवर एक खेळ आहे, त्यात सोनं मिळतं, आणि ते सोनं लांबलांबच्या शहरांतली माणसं खरे पैसे मोजून घेतात. झालं! गेल्या शरद ऋतूत म्हातारा डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी अल्माटीला मुलीकडे गेला होता. तेवढ्यात या शहाण्याने कॉम्प्युटरसाठी तोरी विकली.

तोरी म्हणजे म्हाताऱ्याची घोडी. बर्फात अवघडलेल्या आईच्या पोटातून म्हाताऱ्याने ती स्वतःच्या हाताने ओढून काढली होती. तिचं दूध आंबवून केलेल्या कुमिसशिवाय त्याचा उन्हाळा जात नाही. शेजारच्या सार्सेनने ती घेतली, आणि घेताना त्याने कुआंदिकला बजावलं.

"नौरिझपर्यंत थांबतो. तेवढेच पैसे आण नि घोडी ने. नौरिझच्या सकाळी ती माझ्या जावयाच्या कळपात जाणार, डोंगरापलीकडे. मग माझ्या दारात रडत येऊ नकोस."

"दोन महिन्यांत आणतो, सार्सेन-आगा. कोके परत यायच्या आत."

कोके म्हणजे त्याचा बाप, आणि नौरिझ म्हणजे मार्चमधला आमचा नव्या वर्षाचा सण. दोन महिन्यांत! मी तेव्हा अल्माटीला, म्हाताऱ्याच्या कोटात होतो. घरी असतो तर हसून माझं शिसं सांडलं असतं.

म्हातारा परत आला, आधी तबेल्यात गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. मग घरात येऊन त्या नव्या यंत्रासमोर उभा राहिला.

"ही काय खाते?"

"वीज, कोके."

"दूध देते?"

"नाही."

"मग बांधून कशाला ठेवलीयस?"

कुआंदिकने मान खाली घातली. म्हाताऱ्याने दोन शिव्या हासडल्या असत्या, तर फार बरं झालं असतं. पण तो रोज सकाळी सार्सेनच्या कुंपणापाशी जाऊन उभा राहायला लागला. तोरी येऊन त्याच्या कोटाच्या खिशाला नाक लावायची. आत मी आणि साखरेचा खडा. खडा तिला मिळायचा, आणि तिचा गरम श्वास माझ्या अंगावर यायचा.

आता त्या सोन्याची कथा ऐका. पडद्यावर एक दलदल आहे. दलदलीत रानडुकरं आहेत. कुआंदिकची निळी बाई जाते आणि डुक्कर मारते. होय, निळी बाई! नव्वद किलोचा हा गडी त्या दुनियेत निळ्या कातडीची, कमरेएवढ्या केसांची बाई होऊन फिरतो. का, तर बाईला लोक वस्तू फुकट देतात म्हणे. तर ती डुक्कर मारते, डुकराच्या पोटातून चार नाणी पडतात, ती उचलते आणि पुढच्या डुकराकडे जाते. तोवर पहिलं डुक्कर पुन्हा उठून उभं राहिलेलं असतं! पासष्ट वर्षांत मी उडवलेला एकही असिक आपणहून ओळीत परत येऊन बसला नाही. यांच्याकडे मेलेलं मरत नाही, आणि त्या न मरणाऱ्याला दिवसभर मारत बसणं याला हे कमाई म्हणतात.

आणि घेणारे तर त्याहून थोर. त्यांना खेळ खेळायचाय, पण डुकरं मारायचा कंटाळा येतो. म्हणून ते पैसे देऊन दुसऱ्याकडून डुकरं मारून घेतात. आधी खेळायला पैसे, मग न खेळायला पैसे! असली गिऱ्हाइकं जगात आहेत म्हणून कुआंदिकसारख्यांचं फावतं.

बरं, दलदलीत शिरायचं तर सरळ शिरता येतं का? नाव नको. संध्याकाळ झाली, लोकांची कामं सुटली, की सगळी दुनिया त्या दारावर लोटते. सर्व्हर भरतो. मग पडद्यावर एक पाटी येते : तुमच्यापुढे चार हजार एकशे बारा माणसं आहेत. आणि हा गडी ती पाटी बघत बसतो. आकडा दहाने कमी झाला की याचा चेहरा खुलतो.

एकदा म्हातारा मागे येऊन उभा राहिला.

"एवढी माणसं कशासाठी उभी आहेत रे?"

"आत जायला, कोके."

"आत काय मिळतं?"

"डुक्कर."

"डुक्कर?" म्हातारा मागेच सरला. "मुसलमानाच्या पोरा, डुकरासाठी रांग लावलीस? आम्ही लावली, पण सॉसेजसाठी लावली! आणि आम्हाला अक्कल होती. मी आपली टोपी रांगेत ठेवायचो नि खुशाल चहाला जायचो. परत येईस्तोवर टोपी पुढे सरकलेली असायची. कुणाची हात लावायची छाती नव्हती."

म्हाताऱ्याची सून मार्झान चहा ओतता ओतता खुदकन हसली. कुआंदिकही हसला. टोपीची गोष्ट ध्यानात ठेवा, ती पुढे लागेल.

या रांगेतून सुटायची एकच युक्ती होती. सकाळी कामावर जाताना, गर्दी नसताना आत शिरायचं आणि बाहेर पडायचंच नाही. पण निळी बाई दहा मिनिटं स्वस्थ उभी राहिली, की सर्व्हरला वाटतं मालक झोपला, आणि तो तिला हाकलून देतो. म्हणून तिने दिवसभर उड्या मारत राहायचं. उडी मारायची म्हणजे कीबोर्डवरचं ते सगळ्यांत लांब बटण, स्पेसचं, दाबून ठेवायचं. कुआंदिकने त्यावर आधी दगड ठेवला, तो घसरला. मग मिठाची पुडी ठेवली, ती फुटली आणि मार्झानने घर डोक्यावर घेतलं. चमचा हलका पडला. शेवटी त्याची नजर माझ्यावर गेली.

त्या दिवशी म्हाताऱ्याने मला खिडकीत उन्हाला ठेवलं होतं, अल्शी. त्याने मला उचलून त्या बटणावर उपडा पाडून पाहिलं. माझ्या पोटाची खोबण बटणावर अशी बसली जसा काही त्यासाठीच माझा जन्म होता. निळी बाई लगेच उड्या मारायला लागली. कुआंदिक खूश, आणि मी? माझा अपमान कुठल्या शब्दांत सांगू? ज्या शिशाने मी सात गावांची रिंगणं फोडली, त्या शिशाचा उपयोग आता एका निळ्या बाईला नाचवायला.

मला मागायला तो बापाकडे गेला. खरं सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. लाजला. ज्या साक्याला आजोबांचा हात लागलेला, तो वजन म्हणून बटणावर ठेवायचाय, हे कुठल्या तोंडाने सांगणार?

"कोके, तुमचा साका काही दिवस माझ्या मेजावर असू दे. नशिबाला."

म्हाताऱ्याचा चेहरा असा उजळला, की मला बघवेना. घोडी गेल्यापासून मुलाने त्याच्याकडे पहिल्यांदा काही मागितलं होतं. त्याने मला कोटाच्या बाहीला पुसलं आणि मुलाच्या हातात ठेवलं.

"ने. तोरीसाठी ने."

सगळा हिवाळा मी असा काढला. रोज सकाळी कुआंदिक मला उपडा पाडायचा, घाटात बर्फ हटवायला जायचा, आणि संध्याकाळी येऊन रांगेबिंगेशिवाय डुकरं मारायला बसायचा. म्हातारा त्या खोलीत येत नसे, ते यंत्र त्याला डोळ्यांसमोर नको असे. एक गोष्ट मात्र कबूल करतो, सोनं साठत होतं. खोटं सोनं, पण साठत होतं. मार्चच्या मध्यापर्यंत घोडीच्या दोन तृतीयांश किमतीचं झालं.

उरलेलं एका झटक्यात मिळणार होतं. कुआंदिकच्या खेळातल्या टोळीने तीन आठवडे झुंजून एक किल्ला घेतला होता. टोळीचा म्होरक्या कुठलासा दातांचा डॉक्टर, त्याने लिहून कळवलं : नौरिझच्या आदल्या दिवशी, संध्याकाळी सहाला, किल्ल्याच्या चौकात खजिन्याची वाटणी. जो चौकात हजर त्याला वाटा. जो नाही त्याला नाही, मग त्याची आजी मेलेली असो. आजी मेल्याचं यांच्यात फार घडतं म्हणे. सोन्याला गिऱ्हाईकही ठरलं होतं. सहाला वाटा, सातला पैसे, आणि त्याच संध्याकाळी सार्सेनच्या दारात. कुआंदिकने दावंसुद्धा काढून, तेल लावून दाराशी टांगलं.

तो दिवस उजाडला. सकाळी सातला निळी बाई किल्ल्याच्या चौकात उभी राहिली, मी बटणावर उपडा पडलो, उड्या सुरू झाल्या. तेवढ्यात फोन आला, घाटात बर्फ कोसळलंय.

"सहाच्या आत येतो," कुआंदिक बुटात पाय घालत मार्झानला म्हणाला. "त्या मेजाला कुणी हात लावायचा नाही. मांजरसुद्धा नको."

"मांजराला सांगते. तुम्ही आधी निघा," मार्झान म्हणाली.

तिने खरंच राखण केली. दोनदा मांजर हाकललं, शेजारणीला दारातूनच वाटेला लावलं. सव्वापाचला मात्र गाय हंबरायला लागली आणि ती बादली घेऊन गोठ्यात गेली. तेवढाच वेळ.

आणि एवढ्यातच नुसिपबेक आत आला. नौरिझचं नवं जाकीट अंगात, दाढी नीट कातरलेली. आजचा दिवस कसला आहे ते त्याला माहीत होतं. ज्या खोलीत तो महिनोन्‌महिने फिरकला नव्हता, तिथे तो दुवा द्यायला आला होता. त्याने हात वर केले, आणि तेवढ्यात त्याच्या नव्या, ऑपरेशन केलेल्या डोळ्यांना मी दिसलो. उपडा.

"अरे देवा," तो पुटपुटला. "म्हणून अडलंय होय!"

त्याने मला उचललं. हात आपोआपच गेला. बटणावर अल्शी उभं करायला पाहिलं, मी घसरलो. पुन्हा ठेवलं, पुन्हा घसरलो. मग त्याने मला मेजावर, बरोबर पडद्यासमोर, ताठ अल्शी उभं केलं. समोर निळी बाई उड्या मारायची थांबली.

आता एक गोष्ट सांगतो, ती सांगायला मला जड जातंय. मला कळत होतं काय होणार ते. सगळा हिवाळा त्या बटणावर काढलेला मी, मला नाही कळणार? पण मी उभा होतो. कित्येक महिन्यांनी म्हाताऱ्याच्या हाताने, अल्शी उभा होतो, आणि मला इतकं बरं वाटलं की बाकी कशाची मी पर्वा केली नाही. मरो ती बाई, असंच मनात आलं.

म्हाताऱ्याने तोंडावरून हात फिरवले, दुवा पुरी केली आणि तो पलीकडच्या खोलीत चहाला जाऊन बसला. दहा मिनिटांनी पडदा काळा झाला, मग पाटी आली : तुमच्यापुढे चार हजार नऊशे सहा माणसं आहेत.

मार्झान बादली घेऊन आली आणि दारातच थिजली. तिने मला झडप घालून उचललं, बटणावर दाबलं, पुन्हा पुन्हा दाबलं. बंद दारावर धडका मारून काय होणार? तिने फोन लावला. घाटात फोन लागत नाही. मग दाराआडून तिने सासऱ्याकडे पाहिलं. म्हातारा बशीतला तळलेला बाउरसाक चहात बुडवत होता आणि स्वतःशीच हसत होता. तिने मला जसा होतो तसा पुन्हा अल्शी उभा करून ठेवला.

पावणेसहाला कुआंदिक आला, भुवयांवर बर्फ घेऊनच. त्याने पाटी पाहिली. मग मला पाहिलं. तो मार्झानकडे वळलासुद्धा नाही, त्याला कळलं होतं. या घरात साका उचलून अल्शी कोण ठेवणार?

"आलास?" पलीकडून म्हाताऱ्याने हाक मारली. "बघ, तुझा साका उपडा पडला होता! मी नीट केला. आता कोण अडवतं तुला ते बघू."

आता हा ओरडणार, मला वाटलं. ओरडायलाच हवं होतं. हिवाळाभर डुकरं मारत बसलेला माणूस, त्याची सगळी मेहनत बापाने एका बोटाने पाडली होती.

"बरं केलंत, कोके," तो म्हणाला.

मग तो खुर्चीत बसला आणि आकडा बघत राहिला. सहा वाजले तेव्हा त्याच्यापुढे चार हजार दोनशे माणसं होती. त्याने म्होरक्याला लिहिलं, की वडिलांच्या हातून चुकून बाहेर पडलो, वाटा ठेवा. उत्तर आलं : सगळ्यांचे वडील असतात.

नौरिझच्या सकाळी कुआंदिक दोन तृतीयांश पैसे घेऊन सार्सेनकडे गेला. सार्सेन कठोर माणूस नाही, पण जावयाला शब्द देऊन बसला होता, आणि जावई दारात घोडा घेऊन उभा होता. तोरीला नेताना ती आमच्या कुंपणाशी थांबली आणि म्हाताऱ्याच्या खिशाला नाक लावलं. खिसा रिकामा होता. साखर आणायला तो विसरला होता, आणि मी मेजावर होतो. मी खिडकीतून बघत होतो.

म्हातारा बराच वेळ तिथे उभा राहिला. मग घरात येऊन मेजापाशी आला.

"कुआंदिक, काल काय झालं रे?"

"पलीकडचं यंत्र बिघडलं, कोके. सगळ्यांचंच."

"हा अल्शी होता ना?"

मार्झानने तोंड उघडलं. कुआंदिकने नुसतं तिच्याकडे बघितलं आणि ती चहा आणायला वळली.

"अल्शी होता, कोके. एकदम ताठ."

"मग त्याचा दोष नाही," म्हातारा म्हणाला आणि त्याने मला थोपटलं.

एक वाक्य हवं होतं हो. हिवाळ्यात एक वाक्य : कोके, हा साका माझी टोपी आहे, रांगेत ठेवलेली. म्हाताऱ्याने बंदूक घेऊन राखण केली असती. पण या माणसांना चार हजार अनोळखी लोकांपुढे निळी बाई व्हायला लाज वाटत नाही, आणि बापापुढे खरं बोलायला वाटते. मी त्यांना हसायचो. अजूनही हसतो, पण हल्ली हसताना माझा आवाज बसतो.

आता मी मोकळा आहे. बटणावर तोरीचा जुना नाल असतो, कुआंदिकने तो तबेल्यातून शोधून काढला. घाटातून आला की तो पुन्हा डुकरं मारतो. जावयाने मोठी किंमत सांगितली आहे, पण नाही म्हटलेलं नाही. मी खिडकीत असतो, अल्शी. म्हातारा रोज सकाळी येतो, हल्ली त्या खोलीत यायला तो कचरत नाही, आणि मी ताठ आहे ना ते बघतो. कधी धक्का लागून कलंडलो असलो तर सरळ करतो आणि म्हणतो, "हां, आता ठीक."

पासष्ट वर्षं मी ज्याच्यासाठी मरत होतो, ते मला रोज फुकट मिळतं. वाचकहो, तुमच्यापैकी कुणी नारिनकोलात आलात, आमच्या घरी चहाला बसलात, तर माझं एक काम करा. म्हाताऱ्याची पाठ असताना मला खिडकीतून उचला, तो नाल बाजूला करा, आणि मला त्या बटणावर उपडा पाडा. आणि मग कृपा करून कुणीही मला सरळ करू नका.